मागं म्हणणारी

जीप अजून भरायची होती. बाजाराच्या दिवशी मोखाड्याहून सूर्यमाळकडे जाणारी जीप माणसं मावेनाशी झाल्याशिवाय हलत नाही, म्हणून ड्रायव्हर कमलेश चावी तशीच ठेवून चहाला गेला होता आणि रेडिओ आपला एकटाच बोलत होता. चैती मागच्या आडव्या बाकावर, कोपऱ्यात, गुडघ्यांशी मिठाचं पोतं घेऊन बसली होती. समोर वरच्या पाड्यातली फागी. पायांत दोन रिकामे कॅन, मांडीवर सुकटीची पिशवी. गाणं संपलं, घंटी वाजल्यासारखं काहीतरी वाजलं आणि रेडिओवरचे गोरखभाऊ म्हणाले, "मंडळी, सूर्यमाळच्या पाड्यावर नळ आला!" त्यांच्या मागोमाग एक मुलगी म्हणाली, "नळ आला!" गोरखभाऊ म्हणाले, "हौशी आजीची पाण्याची वणवण थांबली!" मुलगी म्हणाली, "थांबली गं बाई, थांबली!"

"कोन गं ही सटवी?" फागी म्हणाली. "बोलते तर अशी, जसा हिच्या चुलीम्होरंच झरा फुटलाय."

जीप हसली. बाहेर टपाला टेकून उभा असलेला एक म्हातारासुद्धा हसला. फागीला तेवढंच हवं होतं. "हिला न्या न एक दिस आमच्याकडं. डोक्यावर हंडा देते, चढावर उभी करते, न मंग म्हनते, हां, आता म्हन! थांबली गं बाई!" तिनं तो सूर इतका हुबेहूब काढला की चैतीही हसली. सगळे हसत होते म्हणून हसली. आणि हसू तोंडातच राहिलं. तो आवाज तिचा होता.

आपला आवाज बाहेरून ऐकणं म्हणजे आपलीच ओढणी दुसरीच्या अंगावर बघण्यासारखं. रंग तोच, काठ तोच, पण आपली म्हणून हात लावायला जावं तर लाज वाटते. चैतीनं खालच्या पोत्याची शिवण नखानं उकरायला सुरुवात केली. रेडिओवर आता कुणीतरी भाताच्या बियाण्याबद्दल बोलत होतं. गोड होता आवाज. फागी म्हणाली तसाच, झरा फुटल्यासारखा. शाळेत सर हजेरी घेत तेव्हा हाच आवाज घशाच्या तळाशी कुठंतरी दडून बसायचा. ती 'हजर' म्हणायची आणि सर गैरहजेरी मांडून पुढच्या नावाकडे जायचे. शेजारची प्रगती ओरडायची, "सर, आहे ती, आहे!" मग सर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "आहेस का गं?" आणि चैती म्हणायची, "आहे का." वर्ग खदखदून हसायचा. कारण ती नेहमी तसंच करायची. कुणी विचारलं की त्याचेच शेवटचे शब्द उचलून परत द्यायची. त्यात चुकायची भीती नव्हती. ज्यानं शब्द दिला त्याचा त्याला परत. आपलं मध्ये काही नाही. घरच्या बोलीतलं 'नाय' एकदा वर्गात निसटलं होतं तेव्हा जव्हारकडून आलेल्या मुली किती दिवस तिला 'नाय' म्हणूनच हाका मारत होत्या. तेव्हापासून परत देणं बरं.

पण हे सगळं शाळेतलं नव्हतं, खरं तर त्याच्याही आधीचं होतं. ते तिच्या बाच्या धोतरापाशी सुरू झालं होतं. नवसू टाळकरी. गळ्यात तुळशीची माळ, शेत नाचणीचं, आणि पंचक्रोशीत कुठंही सप्ताह असो, कीर्तनकार पंढरीबुवांच्या मागं उजव्या हाताला टाळ घेऊन उभा. चैती चालायला लागली ती त्याच्या पायांत. कीर्तन म्हणजे एकट्या बुवांचं असतं असं शहरातल्या माणसाला वाटेल; ते तसं नसतं. बुवा पुढं चालतात, पण वाट मागच्यांनी धरून ठेवलेली असते. बुवा दृष्टांतात रमले, हसले, रडले, कुठल्या कुठं गेले, तरी मागं ध्रुपद जागं असतं. बुवांनी नुसता हात केला की ते उठतं आणि साऱ्या मंडपाला उचलून परत देवाच्या पायाशी आणून ठेवतं. त्या उचलण्यात जे सुख आहे ते चैतीला फार लहानपणी कळलं होतं. आपण कुणीच नाही आणि तरी आपल्यावाचून काही उभं राहत नाही, असलं ते सुख. तिला टाळ धरायला मिळाला तेव्हा दोघातिघांनी नाकं मुरडली, पोरीची जात, काय उभी राहते म्हणे. बुवाच म्हणाले, "टाळाला जात नसते रे बाबांनो, सूर असतो." आणि पुन्हा कधी कुणी बोललं नाही.

एकदाच तिनं ध्रुपदाचं दुसरं काम पाहिलं होतं. बुवांची बायको गेली त्याच्या पुढच्या पंधरवड्यात त्यांनी कीर्तन उभं केलं. लग्नाचा दृष्टांत आला आणि बुवा थांबले. शब्द येईना. तेव्हा कुणी खाणाखुणा केल्या नाहीत की पुढचा शब्द सुचवला नाही. नवसूनं बुवांनी न सांगता ध्रुपद उचललं. फक्त उचललं आणि धरून ठेवलं, पुन्हा, पुन्हा, बुवा उपरण्यानं डोळे पुसून होईपर्यंत. घरी येताना तो तिला म्हणाला होता, "बुवा भरकटले तर आपून बोलायचं नाय. ध्रुपद उचलायचं. बुवाला कळतं. बुवाला वाटंवर आनायचं, पाडायचं नाय."

जीप सुटली. खोडाळ्याचा फाटा मागं गेला, चढ लागला, आणि फागीच्या पायांतले रिकामे कॅन प्रत्येक वळणावर चैतीच्या नडगीवर येऊन आपटू लागले. ती पाय काढून घेत नव्हती.

रेडिओवर ती गेली तीही अशीच, मागं उभी राहून. मोखाड्याच्या टेकाडावर एका संस्थेनं ते छोटंसं केंद्र काढलं होतं. एक खोली, भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं, दार लावलं की कान दडपल्यासारखे होत. शाळेच्या बाईंनी गाणाऱ्या मुली नेल्या होत्या. गोरखभाऊ म्हणाले, "ये, माझ्यामागून माइकपाशी ये." आणि चैती आली ती थेट त्यांच्या पाठीमागं, उजव्या अंगाला, जिथं टाळकरी उभा राहतो तिथं. ते माइकमध्ये म्हणाले, "नमस्कार श्रोतेहो." त्यांचा श्वास संपला त्या जागी चैतीनं उचललं, "श्रोतेहो." सुरात. मुली हसून हसून गादीच्या भिंतीला टेकल्या. पण गोरखभाऊंनी ते परत लावून ऐकलं, एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "अरे, हे तर झकास आहे." तेव्हापासून गोरखभाऊ आणि ताई. भाऊ म्हणतात, ताई मागं म्हणते. लस टोचून घ्या. घ्या गं बाया घ्या. शाळेत पाठवा, पाठवा हो पाठवा. आणि त्या दिवशी ते कागद पुढं धरून म्हणाले होते, "तुमच्या पाड्यातल्या एखाद्या आजीचं नाव सांग ना, खऱ्या माणसाचं नाव असलं की गोडी येते." तिनं सांगितलं, "हौशी." सांगितलंच. 'गं बाई'ही तिचंच. कागदावर नुसतं 'थांबली' होतं. आजवरच्या आयुष्यात माइकसमोर तिनं स्वतःचं म्हणून जे काही घातलं ते हे दोन शब्द. त्या दोन शब्दांनीच ते खरं वाटत होतं.

खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलं होतं का? हा प्रश्न तिनं चढावर, घाटाच्या उन्हात, स्वतःला फार वेळा विचारला. वाटलं नव्हतं. बुवांच्या मागं म्हणताना कुठं कुणी विचारतं, हे खरं का? जो पुढं उभा आहे त्यानं पाहिलेलं असतं. पाइप तर आलेच होते. हिवाळ्यात माणसं आली, चर खणले, पाड्याच्या मधोमध सिमेंटचा ओटा बांधला, त्यावर पितळी तोटी बसवली, फोटो काढले. आता त्या नळाला सोमीची, म्हणजे चैतीच्या आईची, शेळी बांधलेली असते. दुपारी तोटी इतकी तापते की पोरं तिला बोट लावून कोण जास्त वेळ धरतो ते बघतात.

ती उतरली तेव्हा पाडा विहिरीवर होता. विहीर म्हणजे उताराच्या पायथ्याशी कातळात खोदलेला खोल खड्डा. चैत्र सरला की तिचा तळ दिसतो आणि तळाच्या फटीतून जेवढं झिरपतं तेवढंच पाणी. एक बाई खाली उतरून वाटीनं भरते, बाकीच्या वर थांबतात. खाली आता हौशी आजी होती. पाड्यात तिला सगळे डोशी, म्हणजे म्हातारी, म्हणतात. गुडघे छातीशी, लुगडं कासोटा मारून वर खोचलेलं, वाटी कातळाला घासल्याचा खर्र, खर्र आवाज. चैती काठावर आली. सावली पाण्यावर पडली तशी डोशीनं वर न बघताच विचारलं, "कोन?"

"मी."

"मी कोन? रेडूवरची?"

वरच्या बायकांत कुणीच, रेडूवरची म्हंजे कोन, असं विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. सोमी दोरी हातात घेऊन दुसरीकडे बघत होती.

"शेजारच्या पंकजच्या मोबाइलात लागला व्हता," डोशी खालून म्हणाली. खर्र, खर्र. "मी म्हनलं, माझं नाव घेतंय कोन? आवाज तर नवसूच्या पोरीचा. मी म्हनलं, बग गं हौशे, तुझ्या नळाला पानी आलं न तुलाच ठावं नाय." ती हसली. विहिरीत ते हसू गोल फिरून वर आलं. "मी मेल्यावर म्हनली असतीस तर चाललं असतं पोरी. मेलेल्या मानसाची वनवन थांबतेच. जित्या मानसाच्या नावानं नको म्हनू."

चैतीच्या तोंडात शेवटचे शब्द आले होते, नको म्हणू, परत द्यायला तयार. पहिल्यांदाच ते तिला परत देता आले नाहीत. ती खाली उतरली, डोशीच्या हातातली वाटी घेतली आणि भरू लागली. पाण्याला लोखंडाचा आणि पाल्याचा वास होता. वाटीत आधी गढूळ यायचं, ते थांबू द्यायचं, मग वरचं अलगद हंड्यात. घाई केली की सगळं गढूळतं. ती सबंध संध्याकाळ तिनं दुसरं काही केलं नाही, आणि तसं करता करता तिच्या आत काहीतरी थांबत गेलं, खाली बसत गेलं, आणि वर निवळ उरलं ते एवढंच: हे मी म्हटलं, तर आता मलाच म्हणावं लागेल.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रावर गेली. वाटेत सगळं वाक्य पाठ केलं होतं. गोरखभाऊ वायरींचं भेंडोळं सोडवत बसले होते. वाईट माणूस नव्हता तो. आपला डबा अर्धा तिला देणारा, ती उशिरा निघाली तर जीपपर्यंत सोडणारा. तिनं तोंड उघडलं, आणि वाक्याची सुरुवातच सापडेना. सुरुवात नावाची वस्तू तिच्याजवळ कधी नव्हतीच. शेवटी ती म्हणाली, "ते नळाचं."

"नळाचं काय? लोकांना फार आवडलंय. नळयोजनेचे साहेब खूश आहेत."

"खूश आहेत."

"पाणी आज नाही तर उद्या येणारच ना?"

"येणारच ना," चैती म्हणाली, आणि जीभ चावली. रक्ताची चव आली.

"मग झालं तर! अगं, तो कार्यक्रम आहे, पंचनामा नाही." गोरखभाऊ हसले. "आणि ऐक, रविवारी सप्ताहाची सांगता आहे ना, आपण काल्याचं कीर्तन थेट लावतोय. मंडपातून. जसं होईल तसं, लगेच हवेत. पंढरीबुवा आहेत. तू नि तुझे वडील असालच मागं. टाळकऱ्यांसाठी वेगळा माइक लावतो, तुझा आवाज खास आला पाहिजे."

'खास आला पाहिजे' हे तिनं परत दिलं नाही. उतारावरून येताना तिच्या लक्षात आलं की ते शब्द अजून तोंडात आहेत. तोंड मिटून घेतलं तर शब्द आत राहतात. राहू देत. रविवारपर्यंत राहू देत.

रविवारी मंडपात आपण खरं सांगणार हे घरी बाला सांगावं असं तीन वेळा मनात आलं. नवसू ओसरीवर टाळांच्या दोऱ्या बदलत होता. सांगितलं तर तो काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं: बुवाच्या कीर्तनात घरचं गाऱ्हानं नाय. त्याचं सगळं आयुष्य त्या उजव्या हाताच्या जागेत होतं. दिवसा दुसऱ्याच्या शेतात, रस्त्याच्या कामावर, भिवंडीच्या वीटभट्टीवर त्याला कुणी ए नवश्या म्हणून हाक मारी, टाळ हातात आला की बुवा त्याला म्हणत, "नवसूमहाराज, घ्या." ती जागा जाईल. तिच्यापायी जाईल. तिनं टाळ उचलून कानाशी नेला, बोटानं हलकंच टिचकी मारली. नाद कितीतरी वेळ संपलाच नाही.

"दोरी घट बसली का बग," नवसू म्हणाला.

"हाय," ती म्हणाली. 'घट' आणि 'बसली' हे त्याचे शब्द होते. 'हाय' तिचं होतं.

काल्याचं कीर्तन सकाळचं असतं. पत्र्याचा मंडप तापायला लागला होता, वर दह्याची हंडी टांगलेली, तिला लाह्यांच्या माळा, आणि माणसं अजून येतच होती, जीपांतून, पायवाटांनी, बाया डोक्यावर गाठोडी घेऊन. या डोंगरात काल्याला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. कुणी पोहे, कुणी नाचणीची भाकर, कुणी दही, कुणाकडे नुसती मूठभर लाही; जे असेल ते देवापुढं सोडायचं, एकत्र कालवायचं आणि सगळ्यांनी सारखं खायचं. मुख्य अभंग संतांचाच होतो, पण हंडी फुटायच्या आधी बुवांच्या गुरूंनी जुळवलेलं एक साधं पद इथं म्हणायची रीत आहे. गोपाळ आपापल्या शिदोऱ्या घेऊन आलेत, कुणी शिळी म्हणून लपवतो, कुणी कमी म्हणून लपवतो, आणि देव म्हणतो:

सोडा रे शिदोऱ्या, नका काही झाकू.

ते ध्रुपद चैतीला दुधासोबत मिळालं होतं. पखवाजावर थाप पडली, टाळ उठले, आणि बाच्या शेजारी उभं राहून तिनं तोंड उघडलं तेव्हा तिला नेहमीसारखंच वाटलं, भरल्या नदीत पाय टाकल्यासारखं. रामकृष्ण हरी. समोर पंढरीबुवांची पाठ, घामानं पारदर्शक झालेली बाराबंदी, खांद्यावरचं उपरणं. मृदंगवाल्याच्या बाजूला गोरखभाऊ, कानांवर हेडफोन, पुढ्यात पेटी, पेटीवर थेट प्रक्षेपणाचा लाल दिवा. तिच्या हनुवटीपाशी काळा माइक. बायकांच्या बाजूला सोमी, सोमीच्या पुढं फागी. डोशी आली नव्हती. तिला इतकं चालवत नाही.

बुवा रंगात आले. पेंद्याची शिदोरी, त्याची लाज, देवानं ती हिसकावून खाणं. माणसं हसली, डोळे पुसले. मग बुवा म्हणाले, "अहो, देव आजही देतो! मागणाऱ्याला झाकावं लागत नाही. मी माझ्या कानांनी ऐकलं, रेडिओवर. आपल्याच डोंगरातली कुणी लेक सांगत होती, काय गोड आवाज हो, माझ्या अंगावर काटा आला. सूर्यमाळच्या पाड्यावर एक हौशी म्हणून आजी..."

हे चैतीच्या स्वप्नातही नव्हतं. तिला वाटलं होतं गोरखभाऊ काही वाचायला लावतील. पण तो आवाज तिच्या आधीच डोंगर उतरून गेला होता, बुवांच्या कानात शिरला होता आणि आता बुवांच्या तोंडून, माळ घातलेल्या, कधी खोटं न बोललेल्या तोंडून, देवाच्या दारात येत होता. बुवांच्या अंगावर काटा आला होता. तिच्या 'गं बाई'नं. ती आजवर बुवांच्या मागं म्हणत आली होती, आणि आज बुवा तिच्या मागं म्हणत होते. पुढं ती उभी होती. जो पुढं उभा असतो त्यानं पाहिलेलं असतं.

"...त्या माउलीच्या दारात गंगा..."

सोडा रे शिदोऱ्या, नका काही झाकू.

तिनं उचललं. एकटीनं. बुवांचा हात नव्हता, पखवाज तयार नव्हता. तिचा टाळ सुना वाजला. शेजारी नवसूनं चमकून पाहिलं. मग वर्षानुवर्षांची सवय म्हणा, त्याचाही टाळ पडला आणि मागची सगळी रांग उठली. बुवांनी समजून मान डोलावली. वाटलं असेल, पोरीला भरून आलं. ध्रुपद फिरलं, शांत झालं. बुवा पुन्हा म्हणाले, "तर त्या हौशी आजीच्या दारात..."

सोडा रे शिदोऱ्या, नका काही झाकू.

या वेळी रांग उठायला कचरली. गोरखभाऊंनी हात हलवला, थांब, थांब. कुणीतरी मागून म्हणालं, "ए पोरी, बुवांना बोलू दे!" तिचा एकटीचा आवाज पत्र्यापर्यंत जाऊन परत आला. गोड नव्हता. कापत होता. पण तो थांबत नव्हता आणि तिला जाणवत होतं की तो थांबवायचा नाही एवढं एकच तिला करायचंय. आणि मग उजवीकडून एक टाळ पडला. नवसूचा. तो तिच्याकडे बघत नव्हता, बुवांच्या पाठीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा बुवा लग्नाच्या दृष्टांतात अडले त्या दिवशी होता तसा होता. पोरीच्या मनात काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. कुणीतरी वाट चुकलंय एवढं ठाऊक होतं. बापलेकीनं ध्रुपद धरून ठेवलं.

बुवांनी कीर्तन थांबवलं. वळले. त्यांच्या कपाळावरचा बुक्का घामानं नाकापर्यंत उतरला होता. रागावले नव्हते. दोन वेळा ध्रुपद उचललं गेलं याचा अर्थ त्यांना कळतो. "काय झालं गं बाळ?" ते म्हणाले. "काय झाकलंय मी?"

"झाकलंय मी," चैती म्हणाली.

सवयीनंच आलं ते. लोक हसायच्या बेतात होते. पण ती तिथं थांबली नाही. तिथंच तर ती नेहमी थांबायची, आणि त्या जागेच्या पुढं काय असतं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं टाळ खाली ठेवला आणि रांगेतून एक पाऊल पुढं टाकलं. "मी झाकलंय, बुवा. तो आवाज माझा हाय. नळ हाय, पानी नाय. नळाला आमची शेळी बांधलीय. हौशी आजी आज आली नाय कारन ती हिरीत बसून वाटीनं पानी भरते. आताबी भरत असंल."

आणि बायकांच्या बाजूनं फागी ताडकन उठली. "अगं बया! ही तर ती सटवी! माझ्याम्होरं जीपमदी बसली व्हती, न हसत व्हती माझ्यासंगं!" आणि मग कंबरेवर हात ठेवून, साऱ्या मंडपाकडे वळून, "खरं बोलते पोर! आमच्या पाड्यावर तर नळबी नाय!" हसू फुटलं, आणि हसण्याखाली दुसरं काहीतरी हललं. एक बाई म्हणाली आमची टाकी फुटकी. दुसरी म्हणाली टँकर येतो तो हिरीत वततो न निम्मा कातळ पितो. गोरखभाऊ पेटीवर वाकले होते. त्यांचा हात एका खुंटीवर होता. त्यांनी चैतीकडे पाहिलं, ती नजर रागाची होती की विनवणीची कळेना. ओठ हलले, आवर. लाल दिवा त्यांच्या हाताआड होता. पेटला होता की विझला ते तिला दिसेना. आणि तिच्या ध्यानात आलं की ते बघायची तिला गरज नाही. दिवा विझला असला तर ती उद्या टेकाडावर जाईल आणि दाराशी उभी राहून म्हणेल. दार लावलं तर जीपमध्ये म्हणेल, बाजारात म्हणेल. आवाज आता घशाच्या तळाशी परत जायला तयार नव्हता.

पंढरीबुवांनी दोन्ही हात जोडून देवाच्या दिशेनं मान लववली, चूक झाली की लववतात तशी, आणि उपरणं सावरत मागं सरकले. एक पाऊल, अजून एक. नवसूच्या शेजारी, चैतीची जी जागा मोकळी झाली होती तिथं येऊन उभे राहिले. खाली ठेवलेला तिचा टाळ त्यांनी उचलला.

"नवसूमहाराज, सरका जरा," ते म्हणाले. आणि तिला म्हणाले, "म्हण, बाळ. तुमच्या पाड्याची शिदोरी सोड. आम्ही आहोत मागं."

मागं ध्रुपद उठलं. सबंध रांग, बुवांचा जाड भरदार आवाज, बाचा, आणि त्यामागून बायका. पाठीवर वाऱ्यासारखं ते आलं. पुढं कुणी नव्हतं. फक्त माणसं होती, सोडलेली गाठोडी होती, आणि वर दह्याची हंडी अजून फुटायची होती. ध्रुपद सरत आलं. आता चरण तिचा. कुणी दिलेला नव्हता, कुठं लिहिलेला नव्हता. चैतीनं श्वास घेतला. वाटी कातळावर घासल्याचा आवाज तिच्या कानात होता, खर्र, खर्र, आणि गढूळ कसं थांबू द्यायचं, वरचं निवळ कसं अलगद घ्यायचं, ते तिला येत होतं.

"हौशी," ती म्हणाली. "हौशीपासून सुरू करते."